सिनेगॉगमधील गायन : जपायचे काय आणि शिकवायचे काय?

सालोमोने रोस्सी हा मांटुआच्या दरबारी सेवेतला ज्यू संगीतकार. १६२२-२३ मध्ये त्याने व्हेनिस येथे हिब्रू स्तोत्रे व प्रार्थना यांच्या तेहेतीस रचना छापून प्रसिद्ध केल्या. तीन ते आठ आवाजांसाठी लिहिलेल्या या रचना त्या काळच्या इटालियन शैलीतल्या होत्या. या पुस्तकाच्या छपाईतली एक अडचण मोठी बोलकी आहे. पाश्चात्त्य स्वरलेखन डावीकडून उजवीकडे जाते, हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे. तेव्हा स्वर त्यांच्या दिशेने छापले आणि त्यांखालचे शब्द मात्र हिब्रूच्या दिशेनेच राहू दिले. गाणाऱ्याने दोन्ही दिशा एकाच वेळी सांभाळायच्या! १६३० मध्ये सम्राटाच्या सैन्याने मांटुआ लुटले, तिथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली. पुढे १८७७ मध्ये पॅरिसच्या सिनेगॉगमधील प्रमुख गायक साम्युएल नोम्बूर याने, तेव्हा तरुण असलेल्या व्हँसाँ दँदीच्या मदतीने, रोस्सीच्या रचना आधुनिक स्वरलेखनात पुन्हा प्रकाशित केल्या. मधली अडीचशे वर्षे कागद टिकला. त्यावरून गाण्याची परंपरा टिकली नाही.

आज रोस्सी उत्तम गायला जातो. जुन्या युरोपीय संगीतात तरबेज असलेले गायकवृंद त्याच्या ध्वनिमुद्रिका काढतात. परंतु हे गायन बहुतांशी मैफलीतले आहे. त्यात प्रार्थनेची वेळ नसते, उपवास नसतो, गाण्याला 'आमेन' म्हणून उत्तर देणारा समाज नसतो. सिनेगॉगच्या संगीताचे जतन या विषयावर जे बोलले-लिहिले जाते, त्याचा बराचसा भर रोस्सीच्या वाट्याला आलेल्या या दुसऱ्या जन्मावरच असतो. हस्तलिखिते शोधा, सूची करा, छापा, ध्वनिमुद्रित करा. ही कामे आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांनाच जतन म्हणणे मला मान्य नाही. ही गायकी मुळात संहिता वाचण्याची एक रीत आहे. ती संगीताचा एक प्रकार म्हणून शिकवली तर तिचा आवाज शिल्लक राहतो आणि तिचे वाचन हरवते. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालावे असे वाटते ते यामुळेच.

हिब्रू बायबलचे जाहीर पठण ज्या खुणांवरून होते त्यांच्यापासून सुरुवात करू. या खुणांना 'तेआमीम' म्हणतात. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत तिबेरिया येथील मासोरा-पंडितांनी त्यांना पक्के रूप दिले. प्रत्येक शब्दावर वा शब्दाखाली एक खूण. ती एकाच वेळी तीन कामे करते. शब्दातला आघात कुठे ते सांगते, वाक्य कुठे जोडायचे आणि कुठे तोडायचे ते सांगते, आणि कोणते स्वरवळण घ्यायचे तेही सांगते. म्हणजे विरामचिन्हे आणि स्वरलिपी या दोन गोष्टी येथे वेगळ्या झालेल्याच नाहीत. गंमत अशी की तीच खूण येमेनमधला ज्यू एका तऱ्हेने गातो, बगदादचा दुसऱ्या, लिथुआनियाचा तिसऱ्या. खूण स्वर सांगत नाही, शब्दाचा शब्दाशी असलेला संबंध सांगते. स्वर ज्याचा त्याने आपल्या गुरूकडून घ्यायचा. आपल्याकडील जुन्या पद्यसंग्रहांत कवितेच्या डोक्यावर 'चाल : अमुक' एवढेच छापलेले असते, त्याची येथे आठवण व्हावी. ज्याला ती चाल ठाऊक नाही त्याच्यासाठी ते पान मुकेच.

प्रार्थनांचे गायन हा याच्या पुढचा टप्पा. प्रार्थना चालवणाऱ्या गायकाला 'हझ्झान' म्हणतात, आणि ज्या स्वरव्यवस्थेत तो गातो तिला पूर्व व मध्य युरोपच्या अश्केनाझी परंपरेत 'नुसाख' म्हणतात. नुसाख म्हणजे ठरावीक गाणे नव्हे. काही स्वरसप्तके, त्यांतली ठरलेली सुरुवात, मुक्कामाच्या जागा, समेवर यावे तशी शेवटची वळणे, आणि यांच्या आधारे आयत्या वेळी करायचा विस्तार, असे तिचे स्वरूप आहे. 'अहावा राब्बा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सप्तकात कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर उडी असते, धैवत-निषाद कोमल असतात. आपल्या कानाला बसंत मुखारीच्या स्वरांची आठवण होईल. साम्य स्वरांपुरतेच आहे, चलन निराळे. परंतु दुसरे एक साम्य याहून खोल आहे. नुसाख वेळेशी बांधलेली असते. रोजच्या सकाळची वेगळी, शब्बाथच्या संध्याकाळची वेगळी, वर्षारंभ आणि प्रायश्चित्ताच्या दिवसांची वेगळी.

याचा सर्वांत चांगला दाखला 'कद्दिश' हा आहे. मुख्यतः आरामाइक भाषेतले हे ईशस्तवन प्रत्येक उपासनेत, तिच्या विभागांच्या सांध्यावर, म्हटले जाते. शब्द तेच. पण पावसासाठीच्या प्रार्थनेआधीचे कद्दिश, योम किप्पूरच्या अखेरच्या 'नेईला' प्रार्थनेआधीचे कद्दिश आणि साध्या शुक्रवारचे कद्दिश यांचे स्वर पूर्णतः भिन्न. जाणकार माणूस डोळे मिटून सिनेगॉगमध्ये शिरला तरी कद्दिशच्या पहिल्या दोन शब्दांवरून वर्षातला कोणता दिवस आहे ते सांगू शकतो. संहिता येथे स्थिर आहे आणि तिचा अर्थ स्वरांनी बदलतो. आपण वर्गात संदर्भाने अर्थ बदलतो असे तासन्‌तास समजावत असतो. एवढा स्वच्छ नमुना क्वचितच हाती लागतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण 'कोल निद्रे'चे. योम किप्पूरच्या पूर्वसंध्येला म्हटला जाणारा हा मजकूर वस्तुतः एक कायदेशीर मसुदा आहे : घेतलेल्या शपथा रद्द केल्याची घोषणा. त्यात काव्य असे काहीच नाही. १८४४ मध्ये ब्राउनश्वाइग येथे भरलेल्या सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने तो वगळण्याचा ठराव केला. पुढे काही ठिकाणी शब्द खरोखरच गेले; सूर मात्र गेले नाहीत, त्याच चालीवर स्तोत्रे म्हटली जाऊ लागली. ख्रिस्ती असलेल्या माक्स ब्रूखने १८८१ मध्ये या चालीवरून चेलोसाठी जी रचना प्रसिद्ध केली ती आज जगभर वाजते. ब्रूखला ही चाल मिळाली बर्लिनच्या आब्राहाम याकोब लिश्टेनश्टाइन या हझ्झानकडून. या लिश्टेनश्टाइनकडे पुन्हा यायचे आहे.

हझ्झानचे काम भाष्यकाराचे आहे असे मी म्हणतो, ते अलंकारिक अर्थाने नव्हे. 'उनताने तोकेफ' या मध्ययुगीन काव्यात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. त्यात मोठ्या शिंगाचा नाद आणि लगेच पुढे एक अगदी बारीक, निःशब्द म्हणावा असा आवाज, अशी जोडी येते. ही दुसरी प्रतिमा बायबलमधल्या एलियाच्या कथेतून आली आहे. तिथे ईश्वर वादळात नसतो, भूकंपात नसतो, अग्नीत नसतो, नंतरच्या सूक्ष्म ध्वनीत असतो. हझ्झान शिंगाशी पूर्ण आवाज लावतो आणि पुढच्या शब्दांवर तो इतका खाली आणतो की ऐकणाऱ्यांना पुढे झुकावे लागते. एलियाचे नाव काव्यात कुठेही नाही. ते गाण्यात आहे. एखाद्या शब्दावर तो थांबतो, तो पुन्हा म्हणतो, तिसऱ्यांदा निराळ्या अंगाने म्हणतो. अनेक रब्बींनी या पुनरुक्तीला कडवा विरोध केला, कारण शब्द दोनदा म्हटला की प्रार्थनेचा ठरलेला मजकूर बदलतो. विरोध करणारे संहितेचे जाणकार होते, आणि त्यांचा मुद्दा बरोबरच होता : मजकूर बदलतो. भाष्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

एकोणिसाव्या शतकात या एकट्या गायकाभोवती चौसुरी गायकवृंद उभा राहिला. त्याआधीही हझ्झानच्या जोडीला दोन साथीदार असत, एक खर्जातला आणि एक मुलाच्या आवाजाचा. ही मुले हझ्झानच्या घरी राहून, त्याच्याबरोबर गावोगाव फिरून गाणे शिकत. व्हिएन्नामध्ये सालोमोन झुल्झर (१८०४-१८९०) याने ही पद्धत बदलली. १८२६ मध्ये उघडलेल्या तिथल्या 'श्टाटटेम्पल'चा तो प्रमुख हझ्झान. जुन्या चालींवर चढलेली पुटे काढायची आणि त्यांना हार्मनीच्या नियमांत बसवायचे, असा त्याचा कार्यक्रम होता. १८४० च्या सुमारास आलेल्या त्याच्या 'शीर त्सियोन' या संग्रहात ख्रिस्ती संगीतकारांच्याही रचना आहेत. शूबर्टने तर १८२८ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, ब्याण्णवावे स्तोत्र हिब्रूतूनच त्याच्यासाठी स्वरबद्ध केले. फ्रान्झ लिस्ट त्याला ऐकून भारावून गेला होता. बर्लिनमध्ये लुई लेवान्डोव्स्की (१८२१-१८९४) याने पुढची पायरी गाठली. १८६६ मध्ये उघडलेल्या ओरानियनबुर्गर रस्त्यावरच्या 'नॉये सिनागोगे'साठी त्याने ऑर्गन आणि वृंद यांना धरून उपासना रचली.

या संगीतावर नेहमीचा आक्षेप असा, की ही चर्चची नक्कल आहे. मेंडेल्सझोनच्या हार्मनीला हिब्रू शब्द चिकटवले एवढेच. आक्षेप अगदीच पोकळ नाही. लेवान्डोव्स्कीची काही पाने ऐकताना प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरात बसल्याचा भास होतो. परंतु त्याचा १८७१ चा 'कोल रिन्ना उत्फिल्ला' हा संग्रह पाहिला म्हणजे दुसरी बाजू दिसते. त्यातल्या एकल गायनाच्या भागांमागे वर उल्लेखिलेल्या लिश्टेनश्टाइनचे गाणे आहे. हा हझ्झान जुन्या मौखिक वळणाचा होता. लेवान्डोव्स्की वर्षानुवर्षे त्याच्यासोबत काम करीत होता, ऐकत होता, आणि ऐकलेले उतरवून घेत होता. छापील पानामागे एक गळा आहे. जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेणाऱ्या संकलकाची जी जबाबदारी, तीच येथे लेवान्डोव्स्कीची होती. तो संकलक आणि संस्कर्ता दोन्ही होता, म्हणून त्याला नक्कलखोर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणि उसने घेण्याची गोष्ट म्हणाल तर कोणत्या भक्तिसंगीताने शेजाऱ्याच्या घरून काही आणलेले नाही?

यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो विस्ताराने सांगत नाही. वॉर्सात, जिथे एकेकाळी गेर्शोन सिरोटा हा जगप्रसिद्ध हझ्झान गात असे, ते त्वोमात्स्किये रस्त्यावरचे भव्य सिनेगॉग १६ मे १९४३ रोजी सुरुंगाने उडवण्यात आले. सिरोटा स्वतः त्याच वर्षी, घेट्टोतल्या उठावाच्या काळात मारला गेला. गाणारे गेले, ऐकणारेही गेले. दुसरे नुकसान कमी बोलले जाते. हझ्झान चुकला तर मान हलवणारा, पुढची जागा आधीच ओळखून 'आमेन'साठी श्वास घेणारा श्रोता, ही या कलेची अर्धी बाजू होती.

याच इतिहासात एस्ट्रोंगो नाखामाची (१९१८-२०००) हकिगत येते, आणि माझ्या मते जतनाच्या साऱ्या चर्चेत तिला मध्यभागी ठेवले पाहिजे. नाखामा हा ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा, स्पेनमधून परागंदा झालेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशातला. त्याची प्रार्थनेची परंपरा, उच्चार, चाली, सारे बर्लिनहून निराळे. १९४३ मध्ये त्याला आउश्विट्झला नेण्यात आले. कुटुंबीय मारले गेले, तो वाचला. १९४५ च्या वसंतात बर्लिनजवळ त्याची सुटका झाली. १९४७ पासून तो बर्लिनच्या ज्यू समाजाचा हझ्झान झाला आणि मरेपर्यंत राहिला. पेस्टालोत्सी रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये, ऑर्गन आणि स्त्री-पुरुषांच्या वृंदासह, तो गात होता लेवान्डोव्स्की! ज्या शहरातून त्याच्या मृत्यूचे हुकूम निघाले त्या शहराची, त्याची स्वतःची नसलेली गायकी त्याने अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळली. आजही तिथे उपासनेत लेवान्डोव्स्की गायला जातो. २०११ पासून बर्लिनमध्ये लेवान्डोव्स्कीच्या नावाने वृंदगायनाचा महोत्सवही सुरू झाला. त्याचे स्वागतच आहे. पण दोहोंतले एक निवडायची वेळ आली तर मी पेस्टालोत्सी रस्त्यावरची शुक्रवारची संध्याकाळ निवडीन.

अमेरिकेत या विद्येच्या शाळा निघाल्या त्या महायुद्धानंतर. युरोपातून आता हझ्झान येणार नाहीत हे उघड झाले होते. न्यूयॉर्कमध्ये हिब्रू युनियन कॉलेजची शाळा १९४८ मध्ये, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीची १९५२ मध्ये, येशिवा विद्यापीठाची १९५४ मध्ये सुरू झाली. शिकवायला पुस्तकेच नव्हती, म्हणून १९५० च्या दशकात दुर्मिळ झालेल्या जुन्या संग्रहांचे पंचवीस खंड पुनर्मुद्रित करण्यात आले. हे फार मोठे काम होते. त्याचबरोबर एक बदल नकळत झाला. घरी राहून शिकणाऱ्या मुलाच्या जागी पदवीचा विद्यार्थी आला, आणि गुरूच्या गळ्याच्या जागी पुनर्मुद्रित पान आले. विद्यार्थी आठवड्याला एक रचना 'बसवू' लागला.

ध्वनिमुद्रिकांनीही असाच घोळ केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाला हझ्झानांचे सुवर्णयुग म्हणतात. योसेले रोझेनब्लाट (१८८२-१९३३) याचा हुंदका आणि नाजूक वरचा आवाज आजही ऐकता येतो तो तबकड्यांमुळे. ऑपेराचे निमंत्रण नाकारणारा हा माणूस ध्वनिमुद्रणाला मात्र नाही म्हणाला नाही. पण तबकडीच्या एका बाजूला साडेतीन-चार मिनिटे. तासभराच्या उपासनेत पसरलेला विस्तार तेवढ्यात कोंबला की त्याचे 'गाणे' बनते. पुढे विद्यार्थी ते गाणे हरकतीन्‌हरकत पाठ करतात आणि रोझेनब्लाटने त्या दिवशी आयत्या वेळी घेतलेली जागा कायमची दगडात कोरली जाते. तबकडीची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. ज्या स्त्रियांना सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवता येत नव्हती त्यांची गायकी रंगमंचाने आणि तबकड्यांनीच जपली. सोफी कुर्ट्झरच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्या आहेत म्हणून तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. हिब्रू युनियन कॉलेजने पहिल्या स्त्रीला हझ्झानपदाची दीक्षा दिली ती १९७५ मध्ये.

एव्हाना सुधारणावादी सिनेगॉगमध्ये गिटार आली होती. डेबी फ्रीडमन (१९५१-२०११) हिच्या सोप्या, सर्वांनी मिळून म्हणायच्या गाण्यांनी उपासनेचा नूर पालटला. तिला स्वरलेखन वाचता येत नव्हते. तिच्या निधनाच्याच वर्षी हिब्रू युनियन कॉलेजच्या शाळेला तिचे नाव देण्यात आले. यावर जुन्या वळणाच्या लोकांनी नाके मुरडली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. लोक मुके बसतात आणि वेतन घेणारे गायक त्यांच्या वतीने देवाशी बोलतात, ही तिच्या बाजूच्या लोकांची तक्रार खरी होती. शिवाय स्वरलेखन न वाचता येणे हा या परंपरेत कधी दोष मानला जात नसे! माझा आक्षेप वेगळा आहे. एकच गोड चाल सोमवारीही आणि योम किप्पूरलाही चालते, तेव्हा कद्दिश ऐकून दिवस ओळखणारा कान निरुपयोगी होतो. लोकांच्या तोंडी गाणे आले, पण काळ सांगणारे व्याकरण त्यांच्या कानातून गेले. उपाय वृंद परत आणण्यात नाही. ते व्याकरण लोकांनाच शिकवण्यात आहे. अश्केनाझी परंपरेतले धर्मशास्त्रही स्थानिक चाली बदलू नयेत असे सांगते, ते सगळ्या समाजाला उद्देशून.

ब्रुकलिनमधल्या हासिदी तरुणांचे काय, असे कोणी विचारील. जेरेमाया लॉकवुड यांच्या २०२४ मध्ये आलेल्या पुस्तकाचा विषयच तो आहे : हे तरुण जुन्या तबकड्या ऐकून हझ्झानांची गायकी आत्मसात करतात, आणि त्यांच्या स्वतःच्या सिनेगॉगना ती फारशी नको असते. तबकडीवरूनही परंपरा लागू शकते याचा हा पुरावा आहे, हे खरे. मात्र ही मुले लहानपणापासून त्या प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणत आलेली आहेत. शब्द त्यांच्या हाडीमांसी आहेत, तबकडी त्यावर चढते. संगीत-विद्यालयातल्या विद्यार्थ्याची गोष्ट बहुधा उलटी असते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. मुंबईतले पहिले सिनेगॉग, १७९६ चे 'शाआर हारहामीम', लोकांच्या बोलण्यात 'जुनी मशीद' होते. कोकणातल्या बेने इस्रायलांना हिब्रू उपासना नीट शिकवली ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी, तोंडी. त्यांनी १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह 'हागादा' छापली, आणि १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर चक्क मराठी कीर्तने करायला सुरुवात केली. यातले बहुसंख्य लोक पुढे इस्रायलला गेले. तिथे काही वृद्ध स्त्रियांच्या तोंडी ही पदे अजून आहेत. आमच्या विद्यापीठांच्या मराठी विभागांत कीर्तनपरंपरा शिकवली जाते, तीत हे कीर्तन क्वचितच येते. आले तर ते छापील पदांच्या रूपाने येईल, आणि साकी-दिंडी कोणत्या वळणाने म्हणायची हे सांगायला त्या स्त्रियांपैकी किती जणी असतील कोण जाणे.

असो. शाळांनी काय करावे याविषयी माझे मत साधे आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती एकही छापील रचना देऊ नये. वर्षभरातली सारी कद्दिशे त्याने ऐकून उचलावीत. मग त्याला न पाहिलेला मजकूर द्यावा, दिवस सांगावा, आणि त्या दिवसाच्या नुसाखमध्ये तो आयत्या वेळी म्हणायला लावावा. कोणता शब्द पुन्हा म्हटला आणि का, हे त्याने बोलून दाखवावे. प्रार्थनेच्या कवितेचा अभ्यास आणि गळ्याचा अभ्यास एकाच तासाला, एकाच शिक्षकाने घ्यावा. झुल्झर, लेवान्डोव्स्की, रोझेनब्लाट यांची पाने दुसऱ्या वर्षी उघडावीत, म्हणजे विद्यार्थ्याला त्यांत पाठ करायची गाणी दिसणार नाहीत, आपल्याला पडलेल्या अडचणींवर दुसऱ्यांनी शोधलेल्या वाटा दिसतील. आणि परीक्षा सभागृहात न घेता एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी, दहा माणसे जमतील अशा सिनेगॉगमध्ये घ्यावी.